आमच्याच वकिलाविरुद्ध

वडील गेले तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि आमच्या घरात कोर्टकचेरीचा विषय कधी निघालेला नव्हता. वडील नागपुरात सरकारी कचेरीत कारकून. खाप्याला, कन्हान नदीच्या काठापासून थोडं आत, त्यांची आणि त्यांच्या मोठ्या भावाची वडिलोपार्जित शेती होती. त्यातच संत्र्याची बाग. बारा महिने शेती मोठेबाबा बघायचे. आमच्याकडे मोठ्या काकांना मोठेबाबा म्हणतात. वडील सुट्ट्यांमध्ये जाऊन राबायचे. विहिरीकडच्या अंगाची सगळी झाडं त्यांच्या हातची होती. नागपूरला परतल्यावर आठवडाभर त्यांच्या नखांतली माती जायची नाही.

तेरवी झाल्यावर मोठेबाबा पुढच्या खोलीत बसले आणि मला म्हणाले, "तुह्या मायले सांग, शेतीचं मी पाह्यतो. पोरीचं लगन झालं का तिले एकटीले शेती काय करायची हाय?"

आई स्वयंपाकघराच्या दारामागे डोक्यावर पदर घेऊन उभी होती. भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, ती आयुष्यात कधी थेट बोलली नव्हती. मी मध्ये. दोघांनाही एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं.

"त्याईले सांग," आई म्हणाली, "पोरगी असली तरी हिस्सा तो हिस्साच."

मोठेबाबा टोपी उचलून निघून गेले. पहिल्या हंगामात बागेतली संत्री आली, तुरीची डाळ आली. पुढच्या हंगामात काहीच आलं नाही. मग कानावर आलं की तलाठ्याकडे त्यांनी सगळी जमीन स्वतःच्या एकट्याच्या नावावर चढवून घेतली आहे.

इथं वकीलसाहेब आमच्या गोष्टीत येतात. ते वडिलांचे शाळेतले मित्र. नागपुरातल्या सदर भागात त्यांचं ऑफिस, शहरात मोठं नाव. वडिलांच्या तिरडीला त्यांनी खांदा दिला होता आणि घाटावर ते ढसाढसा रडले होते. जमिनीचं ऐकल्यावर ते आपण होऊन घरी आले.

"वहिनी, हा सरळ सरळ अन्याय आहे," ते म्हणाले. "वाटणीचा दावा टाकू. आणि माझ्यासमोर फीचं नावसुद्धा काढायचं नाही. मित्राच्या बायकोकडून मी फी घेऊ?"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आज मला त्या पाण्याचाच सगळ्यात जास्त संताप येतो. फी घेतली असती तर आईने काही विचारलं तरी असतं. फुकटच्या वकिलाला प्रश्न कसे विचारणार? ते बोट ठेवतील तिथं ती सही करायची. दिवाळीत त्यांच्या घरी अनारसे जायचे, उन्हाळ्यात कुरडया आणि काडीवर वळलेले सरगुंडे. उन्हातान्हात गच्चीवर बसून केलेलं. त्यातलं चांगलं ते त्यांच्या डब्यात आणि तुटकं ते आमच्या.

"कोर्ट ही बायामाणसांनी यायची जागा नाही," ते सांगायचे. "पानाच्या पिचकाऱ्या, धक्काबुक्की. गरज पडली की मीच निरोप पाठवीन."

निरोप कधी आला नाही. मला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली. पाळ्यांची ड्युटी असल्यामुळे अधूनमधून माझी दुपार मोकळी असे. मग मी सदरला त्यांच्या ऑफिसात जाऊन चौकशी करायची. दर वेळी उत्तर तयार असायचं. जज बदलून गेले. समोरच्या वकिलाने मुदत मागितली. पुढची तारीख पडली. "दिवाणी काम आहे बेटा, धीर लागतो." उठताना ते माझ्या डोक्यावर हात ठेवायचे.

एका हिवाळ्यात त्यांच्याकडून आमच्याकडे संत्र्यांची टोपली आली. "मेव्हण्यानं नवी बाग घेतली आहे, तिकडची आहेत. घरात पहिली तुम्हालाच पाठवतोय." आईने त्यातलं एक वडिलांच्या फोटोपुढे ठेवलं. बाकीची आम्ही मायलेकींनी खाल्ली. गोड होती.

मग एकदा त्यांनी सांगितलेली तारीख नेमकी माझ्या दुपारपाळीच्या दिवशी आली. सकाळ रिकामी होती. आईला न सांगता मी कोर्टात गेले. मला फक्त बघायचं होतं. आमच्या नावाचा पुकारा होतो, वकीलसाहेब उभे राहतात, वडिलांचं नाव घेऊन बोलतात, एवढंच मला ऐकायचं होतं.

आवारात कडुनिंबाखाली टायपिस्ट बसलेले. व्हरांड्यात गर्दी. पट्टेवाला दारात येऊन नावं ओरडायचा आणि लोक धोतर सावरत आत धावायचे. भिंतीवरच्या फलकावर त्या दिवशीची कामं लावली होती. मी दोनदा वाचली. आमचं नाव नव्हतं. वाटलं, दुसऱ्या खोलीत असेल. तिकडेही नव्हतं. इतक्यात वकीलसाहेब समोरून आले, दुसऱ्या एका वकिलाच्या खांद्यावर हात टाकून हसत. त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं नाही आणि मला हाक मारावीशी वाटली नाही. का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

मी कोर्टाच्या ऑफिसात गेले. तिथल्या कारकुनाला दाव्याचा तपशील सांगितला. त्याने बघितलं आणि म्हणाला, "हा दावा तर खारीज झाला ना बाई. मागच्या साली."

"खारीज म्हणजे?"

"काढून टाकला. पुकारा झाला तेव्हा तुमच्याकडून कोणीच नव्हतं. ना तुम्ही, ना तुमचा वकील. समोरचे हजर होते. मग साहेब काय करतील?"

"पण आज तारीख आहे म्हणून सांगितलंय."

"कोणी सांगितलं?"

मी वकीलसाहेबांचं नाव घेतलं. कारकुनाने माझ्याकडे एकदा नीट बघितलं, खाली मान घातली आणि माझ्या मागच्या माणसाला म्हणाला, "हं, तुमचं काय?"

त्या दुपारी एक्स्चेंजमध्ये मी दोनदा चुकीचा नंबर जोडला. घरी गेल्यावर आईला सांगितलं, तर ती माझ्यावरच चिडली. "तुले काही समजत नसन. थे काहून असं करतीन? त्याईनं आपल्याकडून एक कप चहाबी कधी मागून पिल्ला नाही."

"आई, त्यांनी वर्षभर खोट्या तारखा सांगितल्या."

"कारकुनाची चूक असन. मोठ्या मानसाबद्दल असं बोलू नये."

पुढच्या सुट्टीला मी एसटीने खाप्याला गेले. मोठेबाबांच्या घराकडे न जाता सरळ बागेकडे. विहिरीकडच्या अंगाला, वडिलांनी लावलेल्या झाडांभोवती, नवीन काटेरी तारेचं कुंपण होतं. फाटकाशी एक राखणदार बाजेवर बसला होता.

"कोणाची बाग आहे ही?" मी विचारलं.

"नागपूरच्या वकीलसाहेबाच्या साळ्याची," तो म्हणाला. "म्हनाले साळ्याची. पन साळा कधी दिसला नाही मले. साहेबच येते दर इतवारी, पोराबाळाईले घेऊन. तुमी कोन?"

"आधी कोणाची होती?"

"पाटीलबाबाची. त्याईनंच इकली. कोर्टात काही लफडं होतं म्हनते, थे मिटलं अन् मंग इकली."

गावात मोठेबाबांनाच पाटीलबाबा म्हणायचे. मी तारेला धरून उभी राहिले. आत संत्री लागलेली होती. तेव्हा मला ती टोपली आठवली. आमच्याच झाडांची फळं त्या माणसाने आम्हाला भेट म्हणून पाठवली होती आणि आम्ही त्याचे आभार मानले होते. आईने त्यातलं एक वडिलांपुढे ठेवलं होतं, ज्यांनी ते झाड लावलं त्यांच्यापुढे. चोरी करणारे पुष्कळ असतात. चोरीच्या मालातली टोपली ज्याची त्यालाच पाठवायची आणि वर त्याच्या तोंडचा धन्यवाद घ्यायचा, याला काय म्हणायचं हे मला अजून कळलेलं नाही.

यावेळी आईने सगळं ऐकून घेतलं. मग उठली, लुगडं बदललं आणि म्हणाली, "चाल."

"कुठे?"

"सदरले."

सायकलरिक्षा करून आम्ही सदरला पोहोचलो. ऑफिसात पाच-सहा पक्षकार बाकांवर बसले होते. वकीलसाहेब टेबलामागे. आईला बघून ते अर्धवट उठले. "या वहिनी, या. तुम्ही कशाला त्रास घेतला?"

"भाऊजी, आमची केस कोन्त्या तारखेले हाय?"

"पुढच्या महिन्यात आहे वहिनी. मागच्या वेळी जरा काम पुढे गेलं, पण आता..."

आईने त्यांना बोलू दिलं. ते जजबद्दल बोलले, समोरच्या वकिलाबद्दल बोलले, धीर धरण्याबद्दल बोलले. ते थांबल्यावर आई म्हणाली, "अन् खाप्याची बाग कशी हाय तुमची? यंदा बहार चांगला हाय का?"

त्यांचा चेहरा पडला. ते चटकन म्हणाले, "वहिनी, आतल्या खोलीत या. इथं नको."

"आत काहून येऊ? जे बोलले थे अठीसाच बोलले ना, सगळ्याईसमोर? आमची केस तं मागच्या सालीच गेली. मंग पुढच्या महिन्यात कोनाची तारीख हाय?"

"तुम्हाला कायद्यातलं समजत नाही," आता त्यांचा आवाज बदलला. "आणि तुम्हीच मला म्हणाला होता, घरातल्या घरात भांडण नको, दावा सोडून द्या म्हणून. आता विसरलात."

आईला हे अगदी अनपेक्षित होतं. चोरी पकडल्यावर माणूस घाबरेल, हात जोडेल, असं तिला वाटलं असावं. तो तिच्याच तोंडात शब्द घालेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. ती क्षणभर गोंधळली. मी पुढे होऊन बोलणार होते, पण तिने हाताने मला मागे सारलं.

"माह्या नवऱ्याच्या तिरडीले तुमी खांदा देल्ला," ती म्हणाली. "तवाच बाग पाहून ठेवली होती का?"

मग ती बाकांवरच्या लोकांकडे वळली. "बाप्पा हो, तुमी आपल्या तारखेले सोता कोर्टात जात जा. याईच्या भरवशावर राहू नका."

आम्ही जिना उतरलो. रस्त्याच्या कडेला एका दुकानाच्या पायरीवर ती बसली आणि पदर तोंडात धरून रडली. तिच्या रडण्यात बाग नव्हती. "मी त्याले भाऊजी म्हनत होती वं," एवढंच ती म्हणत राहिली.

त्यानंतर दुसरा वकील शोधायला मी निघाले, आणि या शहरातले शहाणे, सभ्य लोक मला तेव्हा कळले. सगळे हळहळले. सगळ्यांना पटलं. एकाने चहा पाजला. एकाने मला दारापर्यंत सोडताना खांद्याजवळ वाकून सांगितलं, "तुमची बाजू शंभर टक्के खरी आहे. पण ते सीनियर आहेत. रोज एकाच खोलीत डबा खायचा असतो हो आम्हाला." डब्यासाठी! माझ्या आईचं आयुष्य एका बाजूला आणि यांचा डबा एका बाजूला.

शेवटी एक्स्चेंजमधल्या एका मैत्रिणीने तिच्या वस्तीतल्या एका तरुण वकिलाकडे नेलं. उत्तर नागपुरात, घराच्याच पुढच्या खोलीत त्याचं ऑफिस होतं. घर बौद्धांचं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली कायद्याची जुनी पुस्तकं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"त्यांच्याविरुद्ध उभं राहायला तुम्हाला भीती नाही वाटत?" मी विचारलं. तोपर्यंत हा प्रश्न मीच आधी विचारायला शिकले होते.

तो हसला. "ताई, बाररूममध्ये माझ्याशी बोलणारे तसेही थोडेच आहेत. त्यांनी बोलणं सोडलं तर माझं काय जाईल?" मग आईकडे वळून म्हणाला, "आपल्याला दोन कामं करायची आहेत. एक, दावा पुन्हा उभा करायचा. दोन, वकिलांच्या गैरवर्तनाची तक्रार ऐकणारी समिती असते, तिच्यापुढे जायचं. दोन्हीला वेळ लागेल. आणि आई, प्रत्येक तारखेला तुम्ही यायचं. मी बोलावलं नाही तरी यायचं."

आई प्रत्येक तारखेला गेली. पानाच्या पिचकाऱ्यांमधून गेली, धक्काबुक्कीतून गेली. व्हरांड्याच्या टोकाला एका खांबाशी ती बसायची. हळूहळू पट्टेवालाही तिला ओळखून पाणी विचारू लागला. आपल्याला न कळवता वकिलाने दावा बुडू दिला, हे कोर्टाला पटलं आणि दावा पुन्हा सुरू झाला.

तेव्हा वकीलसाहेबांना पहिल्यांदा घाम फुटला असणार, कारण त्यानंतर लगेच माझे मामा आमच्याकडे आले. ते आईचे सख्खे भाऊ. बसल्याबसल्या त्यांनी सांगितलं, "वकीलसाहेबाचा निरोप हाय. बाग वापस देतो म्हनते. फक्त थे समितीतली तक्रार मांगं घ्या. मोठा मानूस हाय, त्याची इज्जत जाऊन राहिली."

"आणि आमची?" मी म्हणाले. "कुरडया खाताना त्यांना इज्जत आठवली नाही?"

"तू चूप बस. तुह्यापायीच लगन जमून राहिलं नाही. कोर्टात जानारी पोरगी कोन करन?"

माझा आवाज चढला. मामांचाही चढला. आई मध्ये पडली नाही. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मला भीती वाटली की ती हो म्हणेल. ती थकली होती, तिच्या गुडघ्यांना त्रास होता आणि समोरून बाग येत होती. तिने हो म्हटलं असतं तर तिला दोष देण्याचा मला अधिकार नव्हता.

शेवटी तिने सूप बाजूला ठेवलं. "दादा, बाग माहीच हाय. माही वस्तू मले देऊन थो काय उपकार करून राहिला? बाग मी कोर्टातून घेईन. तक्रार राहू दे."

"तुले काय भेटन त्यातून?"

"मले काही नको. उद्या दुसऱ्या कोन्या बाईले थो वहिनी म्हनन, त्याचं काय?"

मामा चहा न घेता उठून गेले आणि पुढे बराच काळ आमच्याकडे आले नाहीत.

समितीपुढची सुनावणी आठवली की आजही माझी कानशिलं तापतात. लांब टेबल, पलीकडे तीन वकील. सुरुवातीलाच चहा आला. त्यांना आला, वकीलसाहेबांना आला. आई आणि मी भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसलो होतो, आमच्यापर्यंत ट्रे पोहोचलाच नाही. वकीलसाहेबांनी शांतपणे सांगितलं की बाईंनी आपल्याला तोंडी सूचना दिली होती, दावा चालवू नका म्हणून. बाग मेव्हण्याने घेतली, आपला तिच्याशी संबंध नाही.

समितीतल्या एकाने आईला विचारलं, "शिक्षण किती तुमचं?"

"चौथी."

"मग कोर्टाच्या तारखा तुमच्या नीट लक्षात राहतात का? काही गैरसमज नसेल ना झाला?"

"तारखा त्याईनंच सांगतल्या म्हनून लक्षात हाय," आई म्हणाली. "नसत्या सांगतल्या तं कायले लक्षात राह्यल्या असत्या?"

मग आमच्या वकिलाने वकीलसाहेबांना विचारलं, "दावा बाईंच्याच सांगण्यावरून सोडला, तर नंतर त्यांना पुढच्या तारखा का देत होतात?"

"मी दिलेल्या नाहीत."

तेव्हा आमचा साक्षीदार उभा राहिला. आई सदरला गेली त्या दिवशी बाकावर बसलेला सावनेरचा एक कापडदुकानदार. त्याला आम्ही शोधलं नव्हतं, तोच आपण होऊन आमच्या वकिलाकडे आला होता. आईचं बोलणं ऐकून तो आपली तारीख बघायला स्वतः कोर्टात गेला होता. त्याचं काम ठीक होतं, पण त्याने वकील बदलला. "माझ्यासमोर साहेबांनी या बाईला सांगितलं, पुढच्या महिन्यात तारीख आहे," तो म्हणाला. "मी कानांनी ऐकलं." वकीलसाहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि पुष्कळ वेळ पीत राहिले.

ते दोषी ठरले. शिक्षा काय, तर काही महिने वकिली बंद. त्यातच कोर्टाची उन्हाळ्याची सुट्टी आली. त्या सुट्टीत ते थंड हवेच्या ठिकाणी गेले होते म्हणे. परत आल्यावर ऑफिसची पाटी तीच, बाकांवर गर्दी तीच, आणि पुढे एका समारंभात त्यांच्या प्रदीर्घ सेवेबद्दल शाल-श्रीफळ. बातमी मी पेपरात वाचली आणि तो पेपर चुलीत घातला.

दाव्याचा निकाल त्यानंतर बऱ्याच काळाने लागला. अर्धी जमीन आमची ठरली. मेव्हण्याच्या नावावरची खरेदी आमच्या हिश्श्यापुरती टिकली नाही आणि विहिरीकडचं अंग आमच्या वाट्याला आलं. मोजणीच्या दिवशी आम्ही खाप्याला गेलो. कुंपणाच्या आत शिरलो तर झाडं वाळलेली. निकाल विरुद्ध जाणार हे दिसताच वकीलसाहेबांनी पंप काढून नेला होता. उन्हाळाभर बागेला पाण्याचा थेंब नव्हता. विहिरीत पाणी होतं, ते झाडांना द्यायचं नाही एवढंच त्यांनी केलं होतं.

मोठेबाबाही आले होते, काठी टेकत. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुह्या मायले सांग, मी नव्हतो इकत. वकिलानंच म्हटलं, दावा बुडते, तू इकून टाक, बाया काय करते म्हने."

आईने पदर सारखा केला आणि सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा ती थेट त्यांच्याशी बोलली. "अन् तुमी आयकलं."

मोजणीदाराची साखळी खडखडत पुढे सरकली. आई झाडाझाडाशी जाऊन नखाने साल खरवडून बघत होती, आतून कुठं हिरवं आहे का. काहींमध्ये होतं.

त्यानंतर एका लग्नात वकीलसाहेब मला भेटले. केस पांढरे, तब्येत छान. माझ्या डोक्यावर हात ठेवायला ते पुढे झाले. "बेटा, कशी आहेस? आई बरी आहे ना? जुनं सगळं विसरून जायचं असतं."

मी मागे सरले. त्यांचा हात तसाच हवेत राहिला. शेजारच्या खुर्चीवरच्या, मला अगदी अनोळखी असलेल्या बाईंनी कौतुकाने विचारलं, "तुमच्या ओळखीचे का हो साहेब?"

"हो," मी म्हणाले, आणि ते उभे होते तिथंच, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मी त्या बाईंना सगळं सुरुवातीपासून सांगायला लागले.